पार्किंगमधला विमानतळ

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून दर रविवारी सकाळी नऊ वाजता लोक परदेशी जातात. साडेदहापर्यंत सगळे परत येतात आणि आपापल्या घरी पोहे खातात.

हा विमानतळ चालवतात आमच्या खालच्या मजल्यावरचे मधुकर ओव्हाळ. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. उभा जन्म स्टँडवर गाड्या सोडण्यात गेला. आवाज असा, की माइक बिघडला तरी तिसऱ्या फलाटावरचा माणूस आपली गाडी चुकवत नसे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मूर्ती लहान, पण दोरी बांधायला लागले की आडदांड माणूसही बाजूला होतो.

दोरी म्हणजे नायलॉनची, कपडे वाळत घालायची. ती ते स्कूटरींच्या आरशांना गुंडाळून अशी नागमोडी फिरवतात की चार पावलांच्या अंतराला माणसाला चाळीस पावलं चालावं लागतं. तिथून पुढं इस्त्रीचं टेबल, त्यावर प्लास्टिकचं घमेलं. घमेल्यात घड्याळ, पट्टा, पाकीट, चष्म्याचं घर. नंतर हुकाचा वजनकाटा. शेवटी वॉचमनच्या केबिनची खिडकी. खिडकीच्या आत स्वतः ओव्हाळ, चेहऱ्यावरची ओळख पूर्णपणे पुसून.

ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहेत, अशा म्हाताऱ्या आई-बापांची ही रंगीत तालीम. फी नाही, चहा नाही, दयामाया नाही. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी आहे : ‘चुकायचं ते इथं चुका.’ हे वाक्य ते तासाभरात पंधरा-वीस वेळा म्हणतात. दुसरं आवडतं वाक्य, ‘उत्तर छोटं, पिशवी छोटी.’

सबनीस बाई मुलीकडं टोरांटोला जायच्या होत्या. खिडकीतून प्रश्न आला, “कशासाठी चाललात?”

“अहो, मुलीचं आता सहा महिन्यांपूर्वी घर झालं, म्हणजे जावई आधी नको म्हणत होते, पण त्यांच्या आईला—”

“बाई, विमान सुटलं. बसा बाजूला. पुढचे!”

बाई रडल्या. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. “मुलीला भेटायला” एवढंच म्हणाल्या आणि तोंड गच्च मिटून उभ्या राहिल्या. जाऊन आल्यावर त्यांनी ओव्हाळांना चॉकलेटचा डबा दिला, तेव्हा ओव्हाळांनी आधी तो काट्याला लावला आणि मग स्वीकारला.

एकदा कोणीतरी विचारलं, “ओव्हाळ, आपण स्वतः किती वेळा गेलात परदेशी?”

“एकदाही नाही,” ते म्हणाले. “गाडी सोडणारा गाडीत बसत नसतो.”

हे सगळं ते शिकले कुठून, तर लोहगावच्या विमानतळाबाहेर उभं राहून. आम्ही विश्रांतवाडीचे. विमानं आमच्या डोक्यावरून जातात, त्यात हवाई दलाची लढाऊ विमानंही आली. त्यामुळं बोलताना वाक्य मध्येच थांबवायचं, आवाज गेला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढं चालू करायचं, ही सवय इथं सगळ्यांना आहे. आम्हाला त्या आवाजाचा त्रास होई. ओव्हाळांना तो ओळखीचा वाटे. दर आठवड्याला बसनं जायचं, कठड्याला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळायचं, परतणाऱ्यांना गाठून विचारायचं, “आत काय काय विचारलं? बूट काढायला लावले?” घरी येऊन वहीत नकाशा काढायचा.

“विमानतळ म्हणजे काय हो काळेसाहेब,” ते मला म्हणाले होते, “फरशी चांगली असलेला स्टँड. माणसं तीच. एकाला जायचं असतं आणि सहाजण पोचवायला आलेले असतात.”

पूर्वी परदेशी जायचं म्हणजे पुणेकर मुंबईची गाडी करायचा आणि घाटात अडकायचा. विमानापेक्षा घाटाची भीती जास्त. मग लोहगावहून दुबईला थेट विमान जायला लागलं आणि ओव्हाळांनी एसटीच्या हिशेबानं जाहीर केलं, “आता दुबई नाशिकपेक्षा जवळ. नाशिकची गाडी चाकणलाच तास खाते.” विमानतळाच्या गर्दीबद्दल कोणी नाक मुरडलं की ते चिडत. “विमानतळ बड्या लोकांसाठी असतो असं कोण म्हणतं? बडी माणसं मुंबईहून जातील, दिल्लीहून जातील. गावातला विमानतळ पोरं लांब गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी असतो.”

सुरुवातीला विमानतळ लहान होता. पार्किंगमधल्या चार स्कूटरींच्या जागेत तो सबंध मावायचा. मग नवी मोठी इमारत झाली. ओव्हाळ आठवडाभर वही घेऊन तिकडं जात राहिले आणि सोसायटीच्या सभेत उभे राहिले. “विमानतळाचा विस्तार झालेला आहे. तरी पार्किंगचाही विस्तार व्हावा. रविवारी सकाळी सर्व चारचाकी रस्त्यावर लावाव्यात.”

मी सेक्रेटरी. म्हणालो, “धावपट्टी जिन्यातून न्यायची का?”

सभा हसली. ओव्हाळ हसले नाहीत. “तशी गरज पडल्यास कळवीन,” म्हणाले. आणि महिन्याभरात त्यांनी एकेका गाडीवाल्याच्या दारात उभं राहून जागा मिळवली. चेहरा दाखवला की दार उघडणारं यंत्र तिकडं आल्यावर त्यांनी जुन्या आरशाची रिकामी चौकट टांगली. तिच्यासमोर सगळ्यांनी चष्मा काढून, न हसता उभं राहायचं. आता पुरंदरला आणखी एक विमानतळ होणार म्हणतात. ओव्हाळ म्हणतात, “होऊ दे. सासवडच्या बसेस भरपूर आहेत.”

इथवर वाचून कोणालाही वाटेल, की मजेशीर शेजारी आहे. आहेच. पण मी हे मजेसाठी लिहायला बसलेलो नाही. ओव्हाळांच्या तालमीला कोथरूडहून, बिबवेवाडीहून माणसं येतात, आणि त्या सगळ्यांना त्यांच्याबद्दल एक विनोद ठाऊक असतो : ‘दुसऱ्यांना विमानात बसवतो, स्वतः मात्र घाबरतो. जमिनीवरचा पायलट!’ हा विनोद माझा आहे. तो खोटा आहे. माझं वय आता ऐंशीच्या पलीकडं गेलं आहे, म्हणून जे झालं ते क्रमानं सांगून टाकतो.

साधारण सात वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी सुधा मुलाकडं जर्मनीला जायचे होतो. सुधानं आग्रह केला म्हणून मी तालमीला उभा राहिलो. मी सेक्रेटरी, मला कोण काय विचारणार, अशा समजात होतो. ओव्हाळांनी माझी पिशवी उघडली आणि पिवळ्या पुडीची एक पिशवी बाहेर काढली.

“हे काय?”

“मेतकूट.”

“साहेबाला मराठी येत नाही. इंग्रजीत सांगा.”

“मेतकूट इज... मेतकूट इज अ पावडर.”

“पावडर!” तो तिसऱ्या फलाटाचा आवाज. “बाजूला उभे राहा! पुढच्यांना वाट द्या!”

सगळी सोसायटी हसली. सुधासुद्धा हसली. मी अर्धा तास स्कूटरींच्या मध्ये बाजूला उभा होतो. दुपारी सूचना फलकाशी गेलो, तर लाल पेनानं लिहिलेला कागद : ‘श्री. काळे – नापास. पुढील रविवारी पुन्हा येणे.’ त्या फलकावर वीस वर्षं फक्त मी लिहीत आलो होतो. पाणी बंद राहील ते मी लिहायचो, जिन्यात चपला ठेवू नयेत ते मी लिहायचो. आणि आता माझं नाव तिथं.

मी कागद काढला नाही. काढला असता तर लागलं हे कळलं असतं. मी मनात ठेवला.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी ओव्हाळ माझ्याकडं आले. त्यांनी पासपोर्टसाठी अर्ज केला होता. त्यांची एकुलती मुलगी सुजाता दुबईला असते, तिच्याकडं जायचं होतं. शेजारी म्हणून साक्षीला त्यांनी माझं नाव दिलं होतं. “काळेसाहेब, पोलीस चौकशीला येतील. वेळ सांगत नाहीत. चार दिवस मी दाराला चिकटून बसलोय. आज सबनीस बाईंचं विमान आहे, त्यांना कबूल केलंय. एक वाजेपर्यंत परत येतो. कोणी आलं तर जरा बसवून ठेवाल?”

“जा की,” मी म्हणालो.

अकरा वाजता हवालदार आला. ओव्हाळांचं दार बंद होतं. मोबाईल त्यांनी नेहमीप्रमाणं घरीच ठेवला होता, तो आत वाजत होता. हवालदार माझ्याकडं आला.

“हे ओव्हाळ इथं राहतात का?”

“राहतात, नावाला. असतात कुठं?” मी म्हणालो. “सारखे बाहेर. कधी इथं, कधी तिथं.”

“आज कधी येतील? काही सांगून गेलेत?”

“नाही,” मी म्हणालो. “काही सांगून गेले नाहीत.”

त्यानं लिहून घेतलं आणि तो जिना उतरला. मी गॅलरीतून पाहिलं, फाटकाशी त्यानं मोटारसायकलला तीन किका मारल्या. तिसऱ्या किकेपर्यंत मला हाक मारता आली असती.

एकला ओव्हाळ आले. “कोणी आलं होतं?”

“नाही बुवा,” मी म्हणालो.

‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडला. अर्ज अडकला. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा थांबणं. ओव्हाळांना वाटलं, आपण सबनीस बाईंना पोचवायला गेलो तेवढ्यात पोलीस कुलूप पाहून गेला. चूक आपलीच. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. लोक विचारायला लागले, “काय ओव्हाळ, निघणार होतात ना दुबईला?” ते म्हणायचे, “बघू.” मग एका कोजागिरीला गच्चीवर दूध पिताना मी तो विनोद केला. घाबरतो, म्हणालो. जमिनीवरचा पायलट. सगळे हसले, आणि ओव्हाळांनी कप खाली ठेवून मान डोलावली. हो म्हणाल्यासारखी.

विमानतळावर उनाडायला गेलो म्हणून पासपोर्ट हुकला, असं मुलीला सांगण्यापेक्षा घाबरलो म्हटलेलं त्यांना सोपं वाटलं असावं.

त्या रात्री घरी येताना सुधा जिन्यात थांबली. म्हणाली, “तुम्हाला माहितेय का ते कशासाठी जाणार होते?”

“मुलीकडं. फिरायला.”

“बाळंतपणाला.”

मला कळेना, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सुजाताची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. सासूबाई आजारी. मग बाळंतपणाला आई म्हणून कोण जाणार, तर ओव्हाळांनी ठरवलं होतं, आपण जायचं. मी दुपारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पत्ते खेळायला गेलो की ते आमच्या स्वयंपाकघरात येत. सुधाकडून डिंकाचे लाडू शिकले. अळीव कसे भिजवायचे ते शिकले. बाळाला आंघोळ कशी घालायची हे शिकायला त्यांनी दुधी भोपळा आणला होता. सुधा पाटावर पाय लांब करून बसे आणि दाखवी, ते वहीत लिहून घेत. मग स्वतः पाय लांब करून बसत, भोपळा पायांवर पालथा घेत, त्याच्या मानेखाली हात धरत आणि कोमट पाणी घालत. पहिल्यांदा भोपळा सटकला आणि मोरीत फुटला. ओव्हाळ घाबरेघुबरे झाले. सुधा म्हणाली, “अहो, भोपळा आहे.” ते म्हणाले, “म्हणूनच भोपळ्यावर करतोय, वहिनी.” आणि दुसऱ्या दिवशी तीन भोपळे घेऊन आले.

“कोणाला सांगू नका म्हणाले होते,” सुधा म्हणाली. “हसतील म्हणून.”

सुजाताला मुलगी झाली. तिथं पगारी बाई ठेवली. फोनवर सुजाता बापाला एकदाच म्हणाली, “बाबा, माझ्यासाठीसुद्धा नाही बसलात विमानात.” आमचा विनोद तिच्यापर्यंत पोचला होता. कोणीतरी पोचवतंच. त्यानंतर ती दर रविवारी संध्याकाळी फोन करते. पाच मिनिटं. तब्येत, औषधं, ठेवते.

पुढं ओव्हाळांचा पासपोर्ट आला. त्यांनी तो कपाटात ठेवला. “ज्या कामाला जायचं होतं ते होऊन गेलं,” एवढंच सुधाला म्हणाले. आणि पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये दोरी बांधायला उतरले.

मी सुधाला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मला वाटलं होतं, ही गोष्ट फक्त मलाच माहीत आहे, ती माझ्याबरोबरच जाईल. पण तसं होत नाही. दर रविवारी खालून तो आवाज येतो, कोणीतरी म्हातारी खिडकीपाशी अडखळते, ओव्हाळ तिला पुन्हा रांगेत पाठवतात, आणि मागून कोणीतरी कुजबुजतं, ‘स्वतः घाबरतो हो.’

गेल्या महिन्यात मी ठरवलं आणि त्यांच्या घरी गेलो. ते वहीत नकाशा दुरुस्त करत होते. मी उभ्यानंच सुरुवात केली. “ओव्हाळ, तुमच्या पासपोर्टच्या वेळी हवालदार माझ्याकडं आला होता आणि मी त्याला—”

तेवढ्यात डोक्यावरून लढाऊ विमान गेलं. मी थांबायला हवं होतं, पण थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून त्या आवाजात सगळं सांगून टाकलं. विमान गेलं. ओव्हाळ म्हणाले, “काय म्हणालात? काही ऐकू आलं नाही.”

एकदा सांगायला सात वर्षं लागली होती. दुसऱ्यांदा लगेच सांगावं लागलं.

ते ऐकत होते. पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाले, “मी सबनीस बाईंना पोचवायला गेलो नसतो तरी चाललं असतं, असं मी सात वर्षं म्हणतोय.”

“जाऊन काही बिघडलं नव्हतं.”

“हं.” त्यांनी वही मिटली. मग, “लेखी द्या.”

मी दुसऱ्या दिवशी पानभर लिहून दिलं. माझं मराठी चांगलं आहे, माझ्या नोटिसांची लोक तारीफ करत. संध्याकाळी कागद परत आला. ‘गैरसमजातून काही चुकीची माहिती दिली गेली’ या ओळीखाली लाल रेघ. समासात लाल अक्षरांत : ‘दिली गेली नाही. तुम्ही दिलीत. मी सांगून गेलो होतो, ते यात नाही.’

मी पुन्हा लिहिलं. सांगून गेले होते, एक वाजता येतो म्हणाले होते, कोणी आलं तर बसवून ठेवा म्हणाले होते, हे लिहिलं. तीन किका लिहिल्या. विनोद माझा हे लिहिलं. हा कागद परत आला नाही. दुसऱ्या दिवशी तो मीच सूचना फलकावर लावला. लोक थांबून वाचत. मला जिन्यात भेटले की खाली बघत. बघू देत.

पण फलक आमच्या फाटकाच्या आत आहे आणि विनोद केव्हाच बाहेर गेला आहे, म्हणून हे एवढ्या लांबीचं लिहिणं.

त्या रविवारी संध्याकाळी ओव्हाळांनी मला बोलावलं. कागदाचा फोटो त्यांनी सुजाताला पाठवला होता. टेबलावर मोबाईल, आम्ही दोघं दोन बाजूंना. फोन वाजला. ओव्हाळ हलले नाहीत.

“उचला की,” मी म्हणालो.

“तुम्ही उचला. चूक तुमची आहे.”

मी उचलला. “बाबा?” ती म्हणाली.

“मी काळे बोलतोय. वरच्या मजल्यावरचा.”

मागं लहान मुलीचा आवाज येत होता, पाढे म्हणत होती. मग सुजातानं विचारलं, “काका, तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे?”

“आहे.”

“म्हणजे बाबा येणार होते?”

“येणार होते. दाराला चिकटून बसले होते चार दिवस.” आणि मग सुधानं कोणाला सांगू नका म्हणून जे मला सांगितलं होतं तेही मी सांगितलं, लाडवांचं आणि भोपळ्यांचं. ओव्हाळ माझ्याकडं रागानं बघत राहिले, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

मग सुजाता म्हणाली, “बाबांना द्या.”

ओव्हाळांनी फोन घेतला, कानाला लावला आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार पुरतं लागलं नाही. मला त्यांची पाठ दिसत होती, भिंतीकडं तोंड करून उभी. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

“नाही गं सुजाता. मी घाबरलो नव्हतो.”

सात वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी उठलो, बाहेरचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना चढायला लागलो.